लोणच्याच्या बरणीतली माती

गावच्या घराची मागची भिंत कच्च्या विटांची आहे. तिच्यावर हौसेने चढवलेला सिमेंटचा गिलावा गेल्या पावसाळ्यात पापुद्र्यांसारखा सुटून आला, कारण भिंतीत मुरलेली ओल सिमेंटमुळे आतच कोंडली गेली आणि विटा भुसभुशीत झाल्या. पुन्हा मातीनेच लिंपायचे ठरले, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या दोन बरण्या माझ्या ताब्यात आहेत, ही सौभाग्यवतींची रास्त तक्रार आहे.

एका बरणीत काळीची माती घेतली, दुसरीत पांढरीची, म्हणजे एक शेतातली आणि एक गावठाणातली. पाणी आणि चिमूटभर मीठ घालून बरणी खळखळून हलवली की वाळू मिनिटभरात तळ गाठते, पोयटा तिच्यावर सावकाश थर धरतो आणि चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. काळीच्या बरणीत चिकणमातीचा थर अर्ध्याहून जाड निघाला, तेव्हा ही माती भिंतीला घट्ट धरून बसेल अशा आनंदात मी होतो. तो आनंद चार दिवस टिकला. काळ्या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज आपल्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी ओढून फुगते आणि वाळताना तितकेच आखडते. ३० सेंटिमीटरच्या साच्यात भरलेली काळी दोन बोटे आत सरकली आणि मधोमध तडकली. पांढरीचा पट्टा रेघभरच हटला होता.

पुढचे सगळे प्रयोग मग पांढरीवरच झाले. वाळूने आखडणे कमी होते, गव्हाच्या भुशाने भेग पसरत नाही, आणि शेण घालून आठवडाभर आंबवलेला गारा थापीखाली लोण्यासारखा पसरतो. वास मात्र शेजाऱ्यांनाही सोसावा लागतो. वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळल्याचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले होते. आमच्या गिलाव्यात भांग घालण्याचा प्रस्ताव घरात एकमताने फेटाळला गेला.

वाळलेले नऊ तुकडे क्रमांक घालून गच्चीवर तिरपे मांडले आणि तळाला भोक पाडलेला डबा प्रत्येकावर तासभर टांगला. नुसत्या मातीच्या तुकड्यात थेंबांनी बोटभर खळगा पाडला. शेण-भुशाच्या सहाव्या तुकड्यावर फक्त ओला ठिपका उमटला. शेजारच्या काकूंनी तो नखाने खरवडून पाहिला, नखातली माती चोळली आणि म्हणाल्या, "शेण शिळं घेतलंत ना? ताजं घ्या, मग बघा." दहावा तुकडा आज सकाळी साच्यात भरला आहे.