पार्टिशन दिसत नाही म्हणजे डेटा गेला असं नव्हे

डी ड्राइव्हवर डबल क्लिक केलं आणि विंडोजने विचारलं, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?' या चौकटीत आपल्या कामाचं बटण एकच, 'कॅन्सल'. डिस्क मॅनेजमेंट उघडताच 'इनिशियलाइज डिस्क' अशी चौकट आली तर तीही तशीच बंद करा. दोन्ही ठिकाणी विंडोज दुरुस्ती सुचवत नसतं. समोरचं वाचता येत नाही, म्हणून कोरी पाटी मागत असतं.

'पार्टिशनचा प्रॉब्लेम' या एका नावाखाली चार वेगळे बिघाड येतात. तळाला खुद्द डिस्क, तिच्यावर पार्टिशन टेबल (डिस्कच्या वाटण्यांची, म्हणजे पार्टिशनांची यादी), प्रत्येक पार्टिशनच्या आत फाइल सिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही) आणि सगळ्यात वर बूट होण्याची व्यवस्था. तक्रार वरच्या मजल्यावर ऐकू येते, पण तपास तळापासून करायचा. चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन फक्त तिसऱ्या मजल्याचं औषध आहे, तरी बहुतेक जण ते सगळ्यात आधी देतात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर चेकडिस्क तासन्‌तास फिरवणं हा उरलासुरला डेटा घालवायचा खात्रीचा मार्ग. एक तर त्यात डिस्कला राबवलं जातं, आणि वाचता न आलेल्या नोंदी ते 'दुरुस्त' करतं, म्हणजे बऱ्याचदा कापून टाकतं.

आधी डिस्कची नाडी

डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. ती पाहायला विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. हार्ड डिस्क असेल तर चार ओळी पाहा. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर. सी६ म्हणजे तपासात दुरुस्त न झालेले. सी७ मात्र वेगळी बाब आहे: तो आकडा डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुकांचा, आणि त्याचं कारण बहुतेकदा साटा केबल असते. केबल बदलली तरी सी७ शून्यावर येत नाही, तो वाढायचा थांबतो का एवढंच बघायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर दाखवतं, त्यामुळे '१०' दिसलं तर ते सोळा असू शकतात. सेटिंगमध्ये दशमान निवडता येतं. एनव्हीएमई एसएसडीवर या ओळी नसतात, तिथे 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य आहे का ते बघा.

सी५ शून्य नसेल आणि तासाभरात वाढत असेल, तर पार्टिशन दुरुस्तीचा विचारच सोडा. आधी डिस्कची प्रतिमा, म्हणजे सेक्टरागणिक हुबेहूब प्रत काढायची. त्यासाठी सिस्टिमरेस्क्यूसारखा लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह आणि त्यातलं डीडीरेस्क्यू. पहिली फेरी 'एन' स्विच लावून, म्हणजे अडलेल्या सेक्टरांशी झटापट न करता जे सहज वाचता येतं ते उचलून घ्यायचं. दुसऱ्या फेरीत 'डी' आणि 'आर३' लावून उरलेल्या जागांवर तीन-तीन वेळा प्रयत्न. मॅप फाइलचं (कुठवर वाचून झालं याच्या नोंदीचं) नाव दोन्ही वेळा देणं अत्यावश्यक आहे. ती नसेल तर काम मध्येच तुटल्यावर पुन्हा पहिल्या सेक्टरपासून सुरुवात. प्रतिमा ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी मोकळी जागा लागते, निव्वळ डेटाएवढी पुरत नाही, कारण रिकामे सेक्टरही प्रतीत येतात. पुढची सगळी कसरत त्या प्रतीवर करा.

टेबल उडालंय का

डिस्क ठणठणीत आहे, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये सगळी जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' दिसते. इथे टेबल गेलंय.

जुन्या एमबीआर पद्धतीत अख्खं टेबल डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मावतं: ४४६ बाइट बूट कोड, ६४ बाइट टेबल आणि शेवटी २ बाइटची सही. १६ बाइटची एक नोंद, म्हणून नोंदी चारच. चारपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन का होत नाहीत, याचं उत्तर एवढंच. या टेबलाची दुसरी प्रत कुठेही नसते. नव्या जीपीटी पद्धतीत ही सोय आहे. १२८ नोंदींचं टेबल डिस्कच्या सुरुवातीला असतं, त्याची प्रत अगदी शेवटी, आणि दोन्हींवर चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला का ते सांगणारा आकडा. म्हणून जीपीटी डिस्कचं पुढचं टेबल खराब झालं तर शोधाशोधीआधी जीडिस्क हा टेबल दुरुस्त करणारा प्रोग्रॅम चालवा. 'आर' दाबून रिकव्हरी मेनूत जा, 'बी'ने मागचा हेडर घ्या, 'सी'ने मागचं टेबल वाचा, 'पी'ने यादी पाहा. आकार ओळखीचे वाटले तर 'व्ही'ने तपासून 'डब्ल्यू'. शंका आली तर 'क्यू', काहीही न लिहिता बाहेर.

दोन्ही प्रती गेल्या असतील किंवा डिस्क एमबीआर असेल, तर हरवलेली पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्क. ते ज्या ड्राइव्हवर डेटा हरवलाय तिच्यावर उतरवू नका, दुसऱ्या डिस्कवरून चालवा आणि विंडोजवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून. डिस्क निवडल्यावर टेबलाचा प्रकार विचारला जातो. टेस्टडिस्कचा अंदाज सहसा बरोबर असतो, पण पार्टिशन मुळात जीपीटीत होती हे ठाऊक असेल तर 'ईएफआय जीपीटी' स्वतः निवडा. मग 'अ‍ॅनलाइज', 'क्विक सर्च'. सापडलेल्या प्रत्येक पार्टिशनवर जाऊन 'पी' दाबा. फाइलींची नावं नीट दिसली तरच ते पार्टिशन खरं. हे टाळू नका. जुनी डिस्क दोन-तीनदा वाटून घेतलेली असेल तर आधीच्या वाटण्यांचे अवशेषही यादीत उगवतात आणि एकमेकांवर चढलेले दिसतात. चुकीचा अवशेष टेबलात लिहिला की विंडोज तो खरा मानून त्यावर लिहायला लागतं. क्विक सर्चमध्ये काही राहिलं तर 'डीपर सर्च', मात्र मोठ्या डिस्कवर त्याला बरेच तास लागतात.

'राइट' दाबण्याआधी महत्त्वाच्या फाइली काढून घ्या: 'पी'च्याच यादीत 'ए'ने सगळ्या निवडायच्या आणि मोठ्या लिपीतल्या 'सी'ने दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या. त्यानंतर टेबल लिहून रीस्टार्ट. 'राइट' फक्त टेबल बदलतं, आतल्या फाइलींना हात लावत नाही.

नावंच दिसत नसतील तर फोटोरेक उरतं. ते फाइलींच्या अंतर्रचनेवरून त्या उचकून काढतं, पण नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. हजारो फोटो आकड्यांच्या नावाने एका ढिगाऱ्यात पडतात. आणि एसएसडीवर क्विक फॉरमॅट आधीच दाबलं असेल, तर विंडोज ट्रिमची आज्ञा पाठवून सगळे ब्लॉक रिकामे घोषित करतं. मग कुठल्याच प्रोग्रॅमला हाती फारसं काही लागत नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतरही बराच डेटा जागेवर असतो, एसएसडीवर ती आशा धरू नका.

एक फसवा प्रकार इथेच सांगायला हवा. यूएसबी डबीत (डिस्क बाहेरून जोडायच्या खोक्यात) वर्षानुवर्षं नीट चाललेली डिस्क डबीतून काढून थेट बोर्डला जोडली, आणि ती 'रॉ' (फाइल सिस्टिम ओळखता न आलेली) किंवा अनअलोकेटेड दिसायला लागली. काही डब्या ५१२ बाइटच्या सेक्टरांची डिस्क कॉम्प्युटरला ४०९६ बाइटच्या सेक्टरांची म्हणून दाखवतात. टेबलातले आकडे सेक्टरांत मोजलेले असतात, बाइटमध्ये नाही. सेक्टरचं माप आठपट बदललं की प्रत्येक पत्ता चुकतो. डिस्क खराब नाही, टेबलही खराब नाही, नुसती मोजपट्टी बदललीय. पुन्हा त्याच डबीत घाला, डेटा दुसरीकडे उतरवा आणि मगच थेट जोडून नव्याने पार्टिशन करा. अशा डिस्कवर दुरुस्तीची हत्यारं चालवणं म्हणजे निरोगी माणसाची शस्त्रक्रिया.

पार्टिशन आहे, पण 'रॉ'

टेबल शाबूत, आकार बरोबर, फक्त फाइल सिस्टिमच्या जागी 'रॉ'. चेकडिस्क इथे सरळ नकार देतं, रॉ ड्राइव्हवर ते चालत नाही. बऱ्याचदा बिघाड पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरचा, म्हणजे बूट सेक्टरचा असतो. एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम त्याची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवते, जुनी फॅट३२ सहसा सहाव्या सेक्टरमध्ये. टेस्टडिस्कच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन पार्टिशन निवडा आणि 'बूट' घ्या. पहिला 'बॅड' आणि बॅकअप 'ओके' दिसला तर 'बॅकअप बीएस' निवडून प्रत पुढे आणता येते. दोन्ही खराब असतील तर 'रिबिल्ड बीएस', पण तिथेही आधी 'लिस्ट' करून फाइली दिसतात का ते पाहा. ड्राइव्ह पुन्हा एनटीएफएस दिसायला लागली आणि फाइली उतरवून झाल्या, की आता चेकडिस्कची पाळी, 'एफ' स्विच लावून.

लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर हाच खेळ सुपरब्लॉकचा, म्हणजे तिची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकचा. ४ केबीच्या ब्लॉकवर पहिली प्रत ३२७६८व्या ब्लॉकपाशी असते, ई२एफएससीके या तिथल्या चेकडिस्कला 'बी' स्विचने तो आकडा द्यायचा. पार्टिशन अनमाउंट केलेलं असलंच पाहिजे.

सी ड्राइव्ह वाढवता येत नाही

बिघाड नसलेली, पण सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. डी लहान केली, ४० जीबी मोकळे झाले, तरी सीवरचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकटच. विंडोजला मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडे लागते. डी लहान केल्यावर ती जागा डीच्या उजवीकडे तयार होते, आणि मध्ये बहुधा रिकव्हरी पार्टिशनही (विंडोजची दुरुस्तीची साधनं असलेलं) ठाण मांडून असतं.

ही पार्टिशन सरकवायला जीपार्टेडचा पेनड्राइव्ह. आधी विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेने हायबरनेशन बंद करून नीट शटडाउन करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि जीपार्टेड त्या एनटीएफएसला हात लावत नाही. बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि ड्राइव्ह आधी पूर्ण डिक्रिप्ट करा, कारण जीपार्टेडला कुलपाच्या आतलं दिसत नाही. रिकव्हरी पार्टिशन शेकड्यांनी एमबीचं, ते मिनिटात सरकतं. ४०० जीबी भरलेली डी सरकवायला मात्र तास लागतात, त्यात वीज गेली तर अर्धी डी जुन्या जागी आणि अर्धी नव्या. अशा वेळी डीतला डेटा बाहेर काढून, ती पुसून नव्याने करणं जलद आणि निर्धास्त. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला ठेवा. काम झाल्यावर विंडोजमध्ये 'रीएजंटसी'ला 'इन्फो' विचारा, रिकव्हरी 'डिसेबल्ड' दिसली तर 'इनेबल' करा.

रिकव्हरी पार्टिशन पुसूनच टाकावं असा सल्ला सर्रास मिळतो, पण पुसलं की संकटात आतूनच दुरुस्ती करायचा रस्ता बंद होतो. उलट ते थोडं मोठं ठेवा. जानेवारी २०२४मध्ये विंडोज १०चं एक सुरक्षा अपडेट असंख्य कॉम्प्युटरांवर ८००७०६४३ने संपणारी चूक दाखवून अडलं, ते याच पार्टिशनमध्ये जागा कमी म्हणून. १ जीबी दिलं की पुरतं.

पार्टिशन श्रिंक, म्हणजे लहान करताना १०० जीबी मोकळे असूनही विंडोज ५ जीबीच देतं, याचं कारण मध्येच बसलेली न हलणारी फाइल. पेजफाइल, हायबरनेशन फाइल, रिस्टोर पॉइंट किंवा एमएफटी (एनटीएफएसची फाइलींची मुख्य यादी). नेमकी कोणती ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, अ‍ॅप्लिकेशन लॉगमधल्या २५९ क्रमांकाच्या नोंदीत लिहिलेलं असतं. पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करून रीस्टार्ट केलं की बहुतेकदा जागा सुटते. आणि 'डायनॅमिक डिस्क'मध्ये बदलू का असं विचारलं गेलं तर नाही म्हणा, त्यातून डेटा न पुसता परत यायला विंडोजमध्ये वाट नाही.

सगळं आहे, बूट होत नाही

जुनी डिस्क मोठ्या एसएसडीवर क्लोन केल्यावर, म्हणजे तिची नक्कल उतरवल्यावर हे घडतं, बहुधा ईएफआय पार्टिशन (बूट फाइलींचं छोटं पार्टिशन) सुटल्यामुळे किंवा त्यातली नोंद जुन्या डिस्कची असल्यामुळे. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट आणि एफ१० दाबा, आज्ञा द्यायची खिडकी उघडते. डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' करून फॅट३२ असलेलं, १०० एमबीच्या आसपासचं व्हॉल्यूम निवडा आणि त्याला एस अक्षर द्या. त्याच यादीत विंडोज कोणत्या अक्षरावर आहे तेही पाहा, कारण पेनड्राइव्हवरून आल्यावर नेहमीची सी ही डी किंवा ई झालेली असू शकते. मग बूट फाइली लिहिणाऱ्या बीसीडीबूटला विंडोज फोल्डरचा पत्ता, 'एस' स्विचने एस ड्राइव्ह आणि 'एफ' स्विचने यूईएफआय. या वेळी जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर बूट फाइली तिच्यावर जाऊन बसतात आणि ती काढल्या दिवशी मशीन पुन्हा मुकं.

क्लोननंतर शेवटची मोकळी जागा वापरता येत नसेल, तर जीपीटीची मागची प्रत अजून जुन्या डिस्कच्या मापावर, म्हणजे मध्येच अडकलेली असते. जीपार्टेड उघडताच 'फिक्स' विचारतं ते हेच, निर्धास्त हो म्हणा. जीडिस्कमध्ये 'एक्स', मग 'ई', मग 'डब्ल्यू'.

पार्टिशनला हात लावण्याआधी टेबलाची प्रत फाइलमध्ये घ्या: एमबीआरला एसएफडिस्कचा 'डी' स्विच, जीपीटीला एसजीडिस्कचा 'बॅकअप'. काही केबींची ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, त्याच डिस्कवर नको.