एका लेखकाची तीन कार्डे

पुण्यातल्या एका संगीत संस्थेच्या ग्रंथालयात मी तालिकीकरणाचे काम पाहते. मागच्या पावसाळ्यात जुनी कार्डे संगणकावर चढवताना एकाच माणसाची तीन कार्डे हाती आली. एक ‘फॉक्स’खाली, दुसरे ‘स्ट्रँगवेज’खाली आणि तिसऱ्यावर नुसतेच ‘इंग्रज प्रवासी’. आर्थर हेन्री फॉक्स स्ट्रँगवेज यांचे आडनाव जोडआडनाव असल्यामुळे नोंद ‘फॉक्स’पासूनच सुरू व्हायला हवी, आणि तेवढी दुरुस्ती पाच मिनिटांत झाली. ‘प्रवासी’ हा शब्द मात्र मला खुपत राहिला.

१८५९ साली जन्मलेले हे गृहस्थ ऑक्सफर्डला शिकले, बर्लिनमध्ये संगीताचा अभ्यास करून वेलिंग्टन कॉलेजात अनेक वर्षे शिक्षक राहिले आणि पन्नाशी उलटल्यावर लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये संगीतसमीक्षा लिहू लागले. पुढे १९२५ मध्ये ते ‘द ऑब्झर्व्हर’कडे गेले. त्याआधी १९२० मध्ये ‘म्युझिक अँड लेटर्स’ हे त्रैमासिक त्यांनीच सुरू केले होते. रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’साठी मॅकमिलन कंपनीशी बोलणी करणारेही तेच. एवढ्या माणसाला आमच्या कपाटात ‘प्रवासी’ म्हणून बसवलेले पाहून मला खरोखर वाईट वाटले.

त्यांचे ‘द म्युझिक ऑफ हिंदोस्तान’ हे १९१४ चे पुस्तक मी टेबलावर उघडून बसले होते. १९१०-११ मध्ये फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करणारे यंत्र, बरोबर घेऊन ते हिंदुस्थानभर फिरले होते, आणि ऐकलेली गाणी या पुस्तकात पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवलेली आहेत. आमच्याकडे शिकवणारे एक वयस्क गायक त्याच वेळी पुस्तक परत करायला आले. बुवांना ती लिपी वाचता येत नाही, म्हणून मी एका चालीचे सूर सारेगममध्ये सांगत गेले आणि ते डोळे मिटून गुणगुणत गेले. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी दोन सुरांमध्ये अलगद मींड घेतली, म्हणजे आवाज न तोडता एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेले, आणि कागदावरची सुटी टिंबे एकदम गाणे झाली.

“सूर बरोबर आहेत, ताई,” बुवा म्हणाले, “पण एका सुरावरून दुसऱ्यावर जायची वाट यात कुठे आहे?”

ती वाट मेणाच्या नळकांड्यांवर आहे, असे मी त्यांना सांगितले. त्या दौऱ्यातली ध्वनिमुद्रणे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही जपलेली आहेत, हे ऐकल्यावर बुवांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “मग पुढची चाल सांगा.” कचेरी बंद व्हायची वेळ टळून गेली, तरी आम्ही दोघे त्या पानांवरच होतो.

संध्याकाळी तिन्ही कार्डे रद्द करून मी एकच नोंद केली: ‘फॉक्स स्ट्रँगवेज, आर्थर हेन्री (१८५९–१९४८), संगीतसमीक्षक व अभ्यासक’. पुस्तक मी प्रवासवर्णनांतून काढले आणि श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांवर, लिहिणाऱ्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या पुस्तकाशेजारी लावले.