आंधळा गुरू आणि त्याचा हात धरणारा

अरबी हदीसग्रंथांची रावी-सूची तयार करणं हे माझं पोटापाण्याचं काम. अरबीत एम.ए. करून पुढे काय, असं विचारणाऱ्या नातेवाइकांना ते अजून नीट सांगता आलेलं नाही, कारण रावी म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागते आणि तोवर चहा संपतो. तरी इथे थोडक्यात सांगते. हदीस म्हणजे पैगंबरांच्या किंवा त्यांच्या वारस मानलेल्या शिया इमामांच्या बोलण्या-वागण्याची नोंद. तिचे दोन भाग असतात. मजकूर तो मतन. त्याच्या आधी येते ती सनद: मला अमुकने सांगितलं, त्याला तमुकने, त्याला तिसऱ्याने, आणि त्या तिसऱ्याने स्वतः इमामांच्या तोंडून ऐकलं. सातबाऱ्यावरचे फेरफार जसे मागे मागे वाचत जातो तशी सनद वाचायची. मधला एक फेरफार संशयाचा निघाला की पुढचा उतारा डळमळतो. साखळीतला प्रत्येक माणूस म्हणजे रावी. तो कुठला, कोणाकडून ऐकायचा, त्याच्यावर भरवसा किती ठेवायचा, हे आम्ही एकेका चौकटीत भरतो.

आमच्या टेबलावर तिघंच. मी, नुकताच इंजिनिअर झालेला प्रोग्रामर आणि मौलाना. मौलाना मूळचे नगरचे, तरुणपणी इराणमधल्या कोमला शिकलेले, आता सत्तरीच्या पुढचे. नगर आणि शिया हे ऐकून कोणी भुवया उंचावल्या की सोळाव्या शतकात बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिरच्या प्रभावाने हाच पंथ दरबाराचा केला होता, हे ते ऐकवतातच.

त्या दिवशी आमच्यापुढे 'अल-काफी' होता. शिया परंपरेतल्या चार मुख्य हदीससंग्रहांपैकी हा पहिला. कुलैनी यांनी वीस वर्षं खपून तो केला, असं रावींची माहिती नोंदवणारा जुना ग्रंथकार नजाशी सांगतो. ते वारले हिजरी 329 मध्ये, म्हणजे इ.स. 941. आठ खंड, 16 हजारांहून जास्त रिवायती, म्हणजे सनदीसकट सांगितलेल्या हदीस, आणि त्यातल्या ढीगभर सहावे इमाम जाफर सादिक यांच्यापाशी जाऊन पोचतात. इमाम राहायचे मदिनेत. त्यांचं म्हणणं लिहून, पाठ करून पुढे नेणारे बरेचसे लोक मात्र इराकातल्या कूफ्याचे. हजला यायचं, मदिनेत थांबायचं, प्रश्न विचारायचे, परत जायचं. शेख तूसींनी केलेल्या रावींच्या यादीत एकट्या सादिक यांच्या सोबत्यांची तीन हजारांहून जास्त नावं आहेत. नावांना धंदे चिकटलेले: उंट भाड्याने देणारा सफवान, झिरझिरीत साबिरी कापड विकणारा उमर बिन यजीद, गिरणीवाला मुहम्मद बिन मुस्लिम. हा मुहम्मद घरचा श्रीमंत. पाचव्या इमामांनी, म्हणजे सादिक यांच्या वडिलांनी त्याला नम्र हो म्हणून सांगितलं, तर त्याने खजुराची टोपली आणि तराजू घेऊन थेट जामा मशिदीच्या दारात दुकान मांडलं. भाऊबंदांना लाज वाटली. विकायचंच असेल तर निदान दळणवाल्यांत बस, म्हणाले. मग याने जातं आणि उंट घेतला. असं काही वाचलं की माझा कामाचा वेग कमी होतो.

संगणकाने लाल खूण दाखवली ती पहिल्या आणि पाचव्या खंडातल्या दोन रिवायतींवर. मजकुरात साम्य, दुबार नोंदीची शक्यता. अशा खुणा रोज येतात आणि बहुतेक खऱ्या असतात. ही मी वाचायला घेतली.

पहिल्या खंडातली गोष्ट अबू बसीर सांगतो. कूफ्यात त्याचा एक शेजारी होता, सरकारदरबारी चिकटलेला. पैसा आला तशा गाणाऱ्या बायका आल्या, मैफली, दारू. अबू बसीरला त्रास व्हायचा. बऱ्याचदा सांगून पाहिलं, ऐकेना. शेवटी शेजारीच म्हणाला, बाबा रे, मी यात पुरता अडकलोय, तू सुटलेला माणूस आहेस. तुझ्या साहेबांच्या कानावर माझं घाल, कदाचित देव तुझ्यामुळे मला सोडवील. अबू बसीरने मदिनेत जाऊन घातलं. इमाम म्हणाले, तू परतलास की तो भेटायला येईल. त्याला सांग, जाफर बिन मुहम्मद म्हणतात, तू हे सगळं सोड, अल्लाहकडे तुझ्या जन्नतीचा जामीन मी राहतो. निरोप ऐकून शेजारी रडला. काही दिवसांनी त्याने अबू बसीरला बोलावून घेतलं, तर हा घराच्या दाराआड उघडा उभा. म्हणाला, घरात होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं, आता तू बघतोस तसा आहे. अबू बसीरने ओळखीपाळखीच्यांत फिरून त्याच्यासाठी कपडे गोळा केले. पुढे तो आजारी पडला. शेवटच्या घटकेला बेशुद्ध झाला, शुद्धीवर आला आणि म्हणाला, अबू बसीर, तुझ्या साहेबांनी शब्द पाळला. नंतर हजला गेल्यावर अबू बसीर इमामांकडे गेला. त्याचा एक पाय अंगणात आणि दुसरा अजून बोळात, एवढ्यात आतून आवाज आला: अबू बसीर, तुझ्या माणसाला दिलेला शब्द आम्ही पाळला.

पाचव्या खंडातली गोष्ट अली बिन अबी हमजा बताइनी सांगतो. त्याचा एक तरुण मित्र होता, उमय्या खलिफांच्या दिवाणातला, म्हणजे सरकारी कचेरीतला, कारकून. दोघं मिळून इमामांकडे गेले. मित्राने सांगून टाकलं की, यांच्या नोकरीत मी पुष्कळ कमावलं आणि ते कुठून येतंय याकडे काणाडोळा केला. इमामांचं उत्तर मला त्या दिवशी दोनदा वाचावंसं वाटलं. उमय्यांना लिहून देणारे, वसुली करणारे, त्यांच्या बाजूने लढणारे आणि त्यांच्या जमावात हजेरी लावणारे मिळाले नसते, तर त्यांना आमचा हक्क हिसकावता आला नसता. मग बाहेर पडायची वाट काय, असं तरुणाने विचारलं. सांगेन तर करशील? करेन. मग त्या दिवाणात कमावलेल्या सगळ्यातून बाहेर पड. ज्याचा मालक ठाऊक आहे त्याचं त्याला परत दे, नाही त्याचा सदका, म्हणजे दानधर्म, कर. जन्नतीचा जामीन मी. पोराने बराच वेळ मान खाली घातली आणि म्हणाला, केलं. कूफ्यात परतून त्याने अंगावरच्या कपड्यांसकट सगळं दिलं. अलीने वर्गणी काढून कपडे घेतले, खर्चाला पैसे पाठवले. काही महिन्यांत तो आजारी पडला. मरताना डोळे उघडून म्हणाला, अली, तुझ्या साहेबांनी शब्द पाळला. आणि अली पुढे मदिनेत गेला तेव्हा इमामांनी त्याच्याकडे पाहताच तेच सांगितलं.

"मॅडम, स्टोरी एकच आहे. मर्ज करू का?" प्रोग्रामरने विचारलं.

मी थांब म्हटलं, कारण आधी पहिल्या खंडातला अबू बसीर कोणता ते ठरायला हवं होतं. या नावाने ओळखले जाणारे दोन मोठे रावी आहेत. यह्या बिन कासिम असदी आणि लैस बिन बख्तरी मुरादी. दोघंही कूफ्याचे, दोघांनीही बाकिर आणि सादिक या बापलेकांकडून ऐकलेलं. रावींवर लिहिणाऱ्या आणखी एका जुन्या ग्रंथकाराने, कश्शीने, इमामांच्या भोवतीच्या ज्या सहा जणांच्या शब्दाला सगळे मानतात अशांची यादी दिलीय, त्यात अबू बसीर असदी आहे. आणि लगेच पुढे, काहींच्या मते त्या जागी मुरादी, असंही लिहून ठेवलंय. यह्या आंधळा होता. अशा वेळी नेहमीची युक्ती म्हणजे शिष्य पाहायचा. शुऐब अकरकूफी म्हणत असेल तर यह्या, कारण शुऐब त्याच्या बहिणीचा मुलगा. अली बिन अबी हमजा म्हणत असेल तरी यह्याच, कारण नजाशीने स्वच्छ लिहिलंय की अली हा यह्याचा काइद होता. म्हणजे त्या आंधळ्या गुरूला हाताला धरून नेणारा.

आणि इथे सनद अशी: कुलैनींना हुसैन बिन मुहम्मदने, त्याला मुअल्ला बिन मुहम्मदने, त्याला 'आमच्यातल्या कोणीतरी', त्याला अबू बसीरने. नेमका शिष्य बेनाव.

प्रोग्रामरचं डोकं तेज आहे. तो म्हणाला, मग उघड आहे, तो 'कोणीतरी' म्हणजे हात धरणारा अली. तो सोबत होता, घटना दोघांची, एकदा गुरूच्या नावाने सांगितली गेली, एकदा शिष्याच्या. पुरावेही त्याने काढले. गुरूच्या गोष्टीत इमाम दिसत नाहीत, ऐकू येतात, आणि सांगणारा आपली पावलं कुठे होती ते सांगतो. अलीच्या गोष्टीत इमाम 'पाहतात' आणि मित्र 'मान खाली घालतो'. मला हे फारच आवडलं, खरं सांगते. पण लगेच त्यालाच शंका आली: मग दाराआडचा उघडा माणूस आंधळ्याला 'तू बघतोस तसा' कसं म्हणाला?

मौलाना इतका वेळ चष्मा पुसत होते. "आपण फोनवर आंधळ्या मामांना 'बघा ना मामा' म्हणतोच की," ते म्हणाले. "त्यावरून यह्या कटत नाही, आणि पावलांवरून ठरतही नाही. डोळस माणूसही उंबऱ्यावर पाय कुठे होता ते सांगतो. ताई, तुम्हाला पटतंय म्हणून नाव लिहू नका. मुअल्लाने नाव दिलं नाही, कुलैनींनी जागा तशीच ठेवली. ती भरणारे आपण कोण? आधी त्या अलीची नोंद उघडा."

नोंद उघडली. आमच्या सूचीत एवढी लांब नोंद थोड्यांचीच.

सादिक वारले हिजरी 148 मध्ये, इ.स. 765. त्यांच्यानंतर मूसा काजिम. त्यांना खलिफा हारून रशीदने कैदेत टाकलं आणि हिजरी 183 मध्ये, इ.स. 799, ते बगदादला कैदेतच गेले. कैदेच्या काळात ठिकठिकाणच्या लोकांनी दिलेला पैसा त्यांच्या वकिलांकडे, म्हणजे त्यांच्या वतीने काम पाहणाऱ्या प्रतिनिधींकडे, साठत होता. कूफ्यातल्या वकिलांपैकी एक हाच अली. इमाम गेल्यावर पैसा पुढच्या इमामांकडे, अली रिजांकडे सोपवायला हवा होता. काही वकिलांनी जाहीर केलं की काजिम मेलेच नाहीत, तेच परत येणार, त्यांच्यानंतर इमाम नाही. या लोकांना वाकिफी म्हणतात, थांबलेले. कोणाकडे किती अडकले होते त्याचे आकडे तूसींनी दिलेत: जियाद कंदीकडे 70 हजार दिनार, अली बिन अबी हमजाकडे 30 हजार. यूनुस बिन अब्दुर्रहमान लोकांना रिजांकडे वळवू लागला, तर जियाद आणि अलीने त्याला गप्प बसायला 10 हजार दिनार देऊ केले. यूनुसने घेतले नाहीत.

प्रोग्रामर स्क्रीनकडे बघत राहिला. "म्हणजे ज्याने सांगितलं की मित्राने अंगावरचे कपडेसुद्धा देऊन टाकले..."

"हो, तोच," मौलाना म्हणाले.

"मग ही गोष्ट खोटी."

"का? त्या वेळी तो तिथे नव्हता का? घटना उमय्यांच्या सत्तेच्या शेवटाची धरली, तर ती सत्ता गेली इ.स. 750 मध्ये. पैसे अडकवले त्याच्या पन्नासेक वर्षं आधीची गोष्ट. पोरगा असेल तेव्हा. मित्रासाठी वर्गणी काढणारा पोरगा पुढे बिघडू शकतो. आणि दुसरी बाजूही घ्या, बिघडलेल्या म्हाताऱ्याला आपण एके काळी किती चांगल्या लोकांत वावरलो हे सांगायची हौस असू शकते. मी यातलं काहीच सिद्ध करू शकत नाही."

बाकी शेरेही तसेच एकमेकांच्या अंगावर येणारे. कश्शीच्या ग्रंथात इब्ने फद्दाल या जुन्या जाणकाराचा शेरा आहे, खोटारडा, आरोप असलेला. पण हा शेरा अलीवर की त्याच्या हसन नावाच्या मुलावर, यावर पुढच्यांनी वाद घातलाय, कारण तिथे मुलावरही तसाच शेरा सापडतो. उलट तूसी एका ठिकाणी म्हणतात की वाकिफी असूनही अलीसारख्यांच्या रिवायतींवर आपल्या लोकांनी अंमल केला आहे. आणखी काही जण म्हणतात, हिजरी 183 च्या आधी ऐकलेलं घ्या, नंतरचं सोडा. तत्त्व म्हणून छान. पण ऐकणाऱ्याने तारीख कुठे टाकलीय?

आणि यह्याच्या कितीतरी रिवायती आपल्यापर्यंत आल्या त्या याच हातातून. अली बाद केला तर आंधळ्या गुरूचं निम्मं बोलणं पुसलं जातं की काय, ही भीती फक्त आमची नाही. या विषयात काम करणारे सगळेच इथे येऊन अडखळतात.

आमच्या फॉर्ममध्ये मात्र रावीच्या नावापुढे तीनच पर्याय होते: विश्वसनीय, दुर्बल, अज्ञात. मी ज्यांच्यासाठी हे काम चाललंय त्यांना मेल केली, सगळं मांडलं. दुपारी उत्तर आलं, तिन्हीपैकी एक निवडावा. मौलानांना वाचून दाखवलं. "अज्ञात लिहा म्हणतात की काय? ज्याच्या खिशातले दिनार मोजून ठेवलेत तो अज्ञात!"

त्यावरून थोडी वादावादी झाली. प्रोग्रामरचं म्हणणं, वापरणाऱ्याला एका क्लिकमध्ये उत्तर हवं असतं, शेकडो वर्षांपूर्वीचं भांडण नको. त्याचं चूक नाही, ज्याला नमाजच्या वेळेबद्दलचा एक नियम शोधायचाय तो वाकिफींचा हिशेब कशाला वाचेल? माझं म्हणणं, जुन्या लोकांनी कागद महाग असतानाही दोन्ही मतं उतरवून ठेवली आणि आपण जागा फुकट असताना ती खोडायची, हे मला करवत नाही. मौलाना मध्ये पडले नाहीत. त्यांची नमाजची वेळ झाली होती.

संध्याकाळपर्यंत प्रोग्रामरनेच मार्ग काढला. पर्यायांच्या यादीत 'मतभेद' असा चौथा घातला आणि तो निवडला की खाली नजाशी, कश्शी, तूसी यांचे शेरे मूळ शब्दांत उघडतील अशी सोय केली. मंजुरी मिळेल की नाही तेव्हा माहीत नव्हतं. मिळाली, फक्त रंग लालऐवजी करडा ठेवा म्हणाले. दोन्ही रिवायती वेगवेगळ्या ठेवल्या, एकमेकींकडे नेणारा दुवा दिला. मुअल्लाच्या बेनाव माणसाची चौकट बेनावच राहिली. अबू बसीरपुढे यह्या आणि लैस अशी दोन्ही नावं, यह्या आधी. तो क्रम मी लावला आणि मौलानांनी चालेल म्हटलं.

पिशवी उचलता उचलता त्यांनी उद्याचा कागद पाहिला. "हिशाम आहे उद्या. बिन हकम आणि बिन सालिम, दोघंही कूफ्याचे, दोघंही सादिकांचे. आणि सनदीत नुसतं 'हिशाम' लिहिलेलं असतं."

प्रोग्रामरने बंद केलेला लॅपटॉप पुन्हा उघडला आणि विचारलं, "यातल्या कोणी पैसे अडकवलेत का, ते आत्ताच सांगा."