छान म्हंजी कशी?

"तुमची ती वाईन कशी लागती हो?"

कडवंचीच्या बांधाला सायकल टेकवून पाणी पीत होतो, तेव्हा बागवाल्या काकांनी विचारलं. मी म्हणालो, "छान."

"छान म्हंजी कशी?"

मला सांगताच येईना. काकांनी काळ्या द्राक्षांचा घड हातात ठेवला. "गर गिळा, साल चावा."

चावली. गर गोड, पांढुरका. रंग सगळा सालीत. आणि मग हिरड्यांवर कच्च्या जांभळासारखी तुरट ओढ. अरे, शिराझ ही रेड वाईन प्यायल्यावर होतं ते हेच! रेड वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून रंगही सालीचा आणि तुरटपणाही बराचसा सालीचाच.

जालन्यापर्यंत समोरून वारा होता, पण डोक्यात काकांचाच प्रश्न. संध्याकाळी घरी अर्धा ग्लास शिराझ घेतली, सावकाश. आधी आंबूस, मग जांभूळ, शेवटी मिरीचा हलका झणका. बिअरचा कडवटपणा हॉप्स नावाच्या फुलांचा, तो जिभेच्या मागे रेंगाळतो. हा तुरटपणा तोंड कोरडं करतो. कडू वेगळं, तुरट वेगळं. आजी आवळा देताना हे सांगायची.

इतकी वर्षं मी नुसतं "छान" म्हणत आलो, याचं फार वाईट वाटलं.

रविवारी परत जातोय, काकांना नीट सांगायला. तुम्ही कसं सांगितलं असतं?