तुम्ही विचारलंत म्हणून: बरं झाल्यावरही तपासण्या, आणि त्याही या वयात?

मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता, उजवीकडचा भाग काढावा लागला, मग केमो झाली, हे ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच, "आता ठणठणीत आहात, पंचाहत्तरी ओलांडलीत, मग अजून ती नळी घालून घ्यायची आणि रक्त काढून द्यायचं कशाला?" विचारण्यात काळजी असते, थोडी कीवही असते. उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

या सगळ्या तपासण्या एकाच गोष्टीसाठी नसतात. एक शोध जुन्या आजाराचा. ऑपरेशनमध्ये गाठ निघते, पण तिच्या काही पेशी त्याआधीच यकृतात नाहीतर फुप्फुसात जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या डोकं वर काढणार असतील तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत काढतात, पाच वर्षांनंतर क्वचितच. त्यांच्यासाठी सीईए, म्हणजे रक्तातल्या त्या नावाच्या प्रथिनाची तपासणी, आणि छाती-पोटाचा सीटी स्कॅन. दुसरा शोध नव्या गाठीचा. ज्या आतड्यात एकदा कॅन्सर झाला, त्याच्या उरलेल्या भागात पुन्हा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरचे छोटे कोंब, धरण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्यासाठी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतडं आतून बघणं. साधारणपणे ऑपरेशननंतर वर्षाने पहिली, ती स्वच्छ आली तर तीन वर्षांनी पुढची, आणि मग पाच-पाच वर्षांनी. ज्यांच्या घराण्यात लिंच सिंड्रोम, म्हणजे या कॅन्सरचा आनुवंशिक धोका, आहे त्यांचं गणित वेगळं, त्यांना वर्षा-दोन वर्षांनी करावी लागते.

"पाच वर्षं झाली, सुटलात" असं लोक म्हणतात ते पहिल्या शोधापुरतं बरंचसं खरं आहे. माझं सीईए आणि सीटी बंद झालं ते त्यामुळेच. कोलोनोस्कोपी त्यात येत नाही.

सीईएचा आकडा ही झोप उडवणारी चीज आहे. मॉन्ट्रियलमध्ये १९६५ साली फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी हे प्रथिन शोधून काढलं. पण ते फक्त कॅन्सरमुळेच वाढतं असं नाही. धूम्रपान करणाऱ्यांत ते जास्त असतं, यकृताच्या दुखण्यात वाढतं, आतड्याला सूज असेल तरी वाढतं. उलट काही गाठी ते बनवतच नाहीत. म्हणून एकच आकडा घेऊन कुणी रडू नये आणि कुणी पेढेही वाटू नयेत. डॉक्टर चढत जाणारा आकडा बघतात, आणि शंका आली तर आधी तीच तपासणी पुन्हा करतात. शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी, कारण पद्धत बदलली की आकडाही थोडा हलतो.

आमच्या चिरंजीवांचा प्रश्न नेमका उलटा असतो. "आई, दरवर्षी पेट स्कॅन का नाही करत?" पेट स्कॅन म्हणजे सगळ्या अंगात कॅन्सरच्या खुणा शोधणारा स्कॅन. जास्त तपासण्या म्हणजे जास्त सुरक्षित, असं तरुण मंडळींना वाटतं. स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वेमधल्या अडीच हजार रुग्णांवरचा कोलोफोल नावाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं सीटी आणि सीईए ६, १२, १८, २४ आणि ३६ महिन्यांनी केलं, दुसऱ्याचं फक्त १२ आणि ३६ महिन्यांनी. पाच वर्षांत किती माणसं दगावली, यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे तपासणी हवी, पण तिचा रतीब लावून आयुष्य वाढतं असं दिसलं नाही. आणखी एक गोष्ट मला त्यात खटकली: ७५ च्या पुढच्या माणसांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. आमच्या वयाचे निर्णय बरेचसे आमच्याहून तरुण माणसांच्या आकड्यांवरून घेतले जातात.

आता वयाचं. कोलोनोस्कोपी स्वतः फारशी त्रासाची नसते, गुंगीचं औषध देतात, जाग येते तेव्हा झालेली असते. खरी परीक्षा पोट साफ करण्याची. लिटरच्या लिटर औषध प्यायचं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं सकाळी, आणि रात्रभर संडासच्या फेऱ्या. तरुणपणी हा नुसता वैताग असतो. सत्तरीनंतर अंगातलं पाणी आणि क्षार कमी होऊन चक्कर येते, आणि रात्री पडून खुब्याचं हाड मोडलं तर कॅन्सर राहिला बाजूला, तेच दुखणं पुरून उरतं. म्हणून त्या रात्री घरात कुणीतरी असावं आणि वाटेतले दिवे चालू असावेत, हे मी सगळ्यांना बजावते. औषध कुठलं, हेही विचारावं. सोडियम फॉस्फेटचं औषध वयस्कर मूत्रपिंडांना इजा करू शकतं, पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं त्यामानाने बरं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, सगळ्यांची यादी आधीच दाखवायची. आपल्या मनाने काही बंद करायचं नाही. आतड्याला छिद्र पडणं किंवा रक्तस्राव होणं तसं विरळ, पण वयाबरोबर वाढतं.

मग थांबायचं कधी? पॉलिप काढल्याचा फायदा लगेच मिळत नाही. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, म्हणजे आज काढलेला पॉलिप दहा वर्षांनंतरच्या मला वाचवणार. युरोपातल्या एन्डोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या शिफारशींत कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची ही तपासणी ८० व्या वर्षी थांबवावी असं सुचवलं आहे, आणि इतर आजारांमुळे आयुष्य तोकडं दिसत असेल तर त्याआधीच. ही रेघ मला पटते, पण दगडावरची वाटत नाही.

मागच्या वेळी माझ्या डॉक्टरांनी विचारलं, "काही सापडलं तर पुन्हा ऑपरेशनला तयार आहात का?" मी म्हटलं, आज तरी आहे. माझ्या मते सगळा निर्णय या प्रश्नावर उभा आहे. सापडल्यावर काहीच करायचं नसेल, किंवा शरीर ते सोसणार नसेल, तर शोधायचं कशासाठी? माझ्या नणंदेला हाच आजार झाला होता. ती माझ्याहून लहान, पण हृदय कमजोर. तिने तपासण्या थांबवल्या तेव्हा तिने हाय खाल्ली असं घरात काहींना वाटलं. मला तो नीट केलेला हिशेब वाटतो. माझी पुढची पाळी येईल तेव्हा मी ऐंशीच्या आसपास असेन. तेव्हा हृदय, मूत्रपिंड, चालणं कसं आहे ते बघू, आणि हाच प्रश्न पुन्हा विचारू.

तपासण्या थांबल्या तरी तक्रारी सांगायचं थांबत नाही. शौचावाटे रक्त, कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन घसरणं, पोटात नवी कळ, यातलं काही झालं तर वय कितीही असो, डॉक्टरांना दाखवायचं. शौचाच्या सवयीत बदल झाला तर सांगा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आमच्यासारख्यांना ते जरा अवघड जातं. आतड्याचा भाग गेल्यावर माझं पोट पूर्वीसारखं राहिलंच नाही. दिवसातून तीनदा जाणं हे माझं नेहमीचंच. म्हणून मी आधीच्या आयुष्याशी तुलना करत नाही, गेल्या वर्षाशी करते, आणि तसंच डॉक्टरांना सांगते.