कर्जदार एक, नोंदी दोन

एका नागरी सहकारी बँकेत रिझर्व्ह बँकेला पाठवायची कर्जविषयक विवरणपत्रे मी तयार करतो. आमच्या बँकेची मालमत्ता ५०० कोटी रुपयांहून अधिक असल्याने डिसेंबर २०१९ च्या तिमाहीपासून आम्ही ५ कोटी व त्यावरील कर्जदारांची माहिती क्रिल्क, म्हणजे मोठ्या कर्जांची माहिती साठवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत भरतो. एप्रिल २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच रकमेपासून पुढच्या बिगर-वैयक्तिक कर्जदारांना एलईआय, म्हणजे जगभर एकच असणारा वीस अंकाक्षरांचा ओळख क्रमांक, टप्प्याटप्प्याने बंधनकारक केला. तो नसेल तर नवे कर्ज नाही आणि जुन्याचे नूतनीकरणही नाही.

खरा वेळ गेला तो हा क्रमांक कोणाकडे मागायचा, हे ठरवण्यात. एक्स्पोजर, म्हणजे एका कर्जदारापोटी बँकेची गुंतलेली एकूण रक्कम, काढताना कर्ज आणि गॅरंटी दोन्ही धरायची असतात, शिवाय मंजूर मर्यादा व येणे बाकी यांपैकी जी रक्कम जास्त, तीच घ्यायची असते. एका कंपनीचे कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठीचे कर्ज) मुख्य शाखेत पूर्ण नावाने होते, तर तिचीच बँक गॅरंटी दुसऱ्या शाखेत संक्षिप्त नावाने, वेगळ्या कस्टमर आयडीखाली. दोन्ही रकमा सुट्या पाहिल्या तर ५ कोटींच्या आत होत्या. पॅन जुळवून एकत्र केल्यावर मात्र ती कंपनी थेट यादीत आली. अशा जोड्या शोधण्यासाठी आम्ही शाखाशाखांतून मूळ कर्जप्रकरणे मागवली.

क्रमांक हाती आल्यावर प्रत्येक नाव व पत्ता ग्लायफ या एलईआय व्यवस्था सांभाळणाऱ्या जागतिक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीशी ताडून पाहिला. ती कोणालाही विनाशुल्क पाहता येते. क्रमांकातील शेवटची दोन स्थाने पडताळणीची असतात, त्यामुळे शून्याच्या जागी ‘ओ’ टाइप झालेला एक क्रमांक तेथेच अडला.

माझे ठाम मत असे झाले आहे की, विवरणपत्र भरताना माहिती दुरुस्त करत बसण्यापेक्षा कर्जाचा अर्ज घेतानाच ती प्रमाणित स्वरूपात नोंदवली पाहिजे. म्हणून आता आमच्या अर्जात पॅनच्या खालीच एलईआय आणि त्याच्या मुदतीची तारीख असे दोन रकाने आहेत. क्रमांकाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. त्यामुळे मुदत संपत आलेल्या कर्जदारांची यादी दर महिन्याला शाखांकडे जाते आणि कर्जमर्यादेच्या नूतनीकरणाची टिपणी त्या तारखेची खात्री केल्याशिवाय कर्ज समितीपुढे ठेवली जात नाही.