वही उतरली तो डोंगर

दुसरी-तिसरीत असताना माझी ठाम समजूत होती की पैगंबरसाहेबांवर आकाशातून एक वही पडली. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या कव्हरची. सकाळी साडेसहाला गल्लीतल्या मशिदीत अरबी शिकायला जायचं आणि तिथून दप्तर घेऊन थेट मराठी शाळेत, असा आमचा दिनक्रम. मौलवीसाहेब उर्दूत सांगायचे, ‘गार-ए-हिरा में हुजूर पर पहली वही नाजिल हुई.’ नाजिल होणं म्हणजे उतरणं, हे कुणीतरी सांगितलेलं. वही म्हणजे काय ते सांगायची गरजच नव्हती, माझ्या दप्तरात पाच होत्या. अरबीतली वही म्हणजे अल्लाहकडून पैगंबराला येणारा संदेश आणि तिचा आमच्या वहीशी काडीचा संबंध नाही, हे कळायला सातवी उजाडली.

ही गोष्ट अम्माला सांगितली ती थेट मक्केत, जानेवारीतल्या एका पहाटे चार वाजता, ती हिरा गुहा ज्या डोंगरावर आहे त्या जबल-ए-नूरच्या पायथ्याशी. ती एवढी हसली की तिथेच कठड्यावर बसली.

आम्ही दोघं कोल्हापूरहून उमऱ्याला, म्हणजे हजच्या दिवसांखेरीज करायच्या मक्केच्या यात्रेला, गेलो होतो. तवाफ (काबाच्या प्रदक्षिणा), सई (सफा-मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्या) सगळं आटोपल्यावर टूरवाल्यांनी एका दिवशी जियारतची, म्हणजे पवित्र जागा दाखवायची, बस काढली. अराफात, मुजदलिफा, मिना, जबल-ए-सौर, सगळं साडेतीन तासांत. जबल-ए-नूरपाशी बस पाच मिनिटं थांबली. ‘वर ती हिरा गुहा, खिडकीतून फोटो काढा,’ म्हणून बस पुढे. अम्मानं खिडकीतून मान वाकडी करकरून पाहिलं आणि रात्री जेवताना जाहीर केलं, ‘मी वर जाणार.’

अम्मा सदुसष्ट वर्षांची. उजवा गुडघा दुखरा. मी समजावायला लागलो तर म्हणाली, ‘खदीजाबी पंचावन्न वर्षांच्या होत्या. नवऱ्याचं जेवण घेऊन चढायच्या. तेव्हा पायऱ्या होत्या का रे?’ शेतावर भाकरी पोचवणाऱ्या बाईला हा मुद्दा सुचणारच. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजांचं वय आणि डोंगरावर जेवण पोचवणं, दोन्ही परंपरेनं चालत आलेल्या गोष्टी. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पायथ्याशी अनेक भाषांतला एक फलक आहे. त्यातला उर्दू मजकूर मी मोबाईलच्या उजेडात अडखळत वाचला. सार असं, की या डोंगरावर चढणं, इथे नमाज पढणं, इथले दगड-माती नेणं यांत काही पुण्य नाही, पैगंबरांनी तसं सांगितलेलं नाही. फलक बरोबरच आहे. त्याच्या बाजूनं शेकडो माणसं चढत होती, तेही मला बरोबरच वाटलं.

डोंगर समुद्रसपाटीपासून ६४० मीटर. काबा इथून चारेक किलोमीटर. पायऱ्या हजार-बाराशे असतील. मी दोनशेपर्यंत मोजल्या आणि नाद सोडला. पन्हाळा, विशाळगड चढलेल्या माणसाला हा डोंगर सोपा वाटेल असं मनात होतं. तो गैरसमज पहिल्या वीस मिनिटांत गेला. झाड नाही, झुडूप नाही, नुसता काळपट, तासलेला, भाजलेला दगड. वळणावळणावर माणसं बादलीत सिमेंट कालवून पायरी दुरुस्त करत बसलेली, पुढ्यात पैशांचा डबा. मांजरं मात्र ढिगानं. अम्मा पंधरा पायऱ्या चढायची, थांबायची, एखाद्या मांजराशी बोलायची, पुन्हा पंधरा.

इथं अम्माविषयी थोडं सांगायला हवं. ती शाळेत गेलेली नाही. एसटीची पाटी तिला वाचता येत नाही, कंडक्टरला विचारते. सही म्हणजे अंगठा. पण लहानपणी गल्लीतल्या एका उस्तानीबींकडे ती कुराण पढायला शिकली, अर्थ न कळता, नुसता उच्चार. आमच्याकडे याला नाजरा म्हणतात. साठ वर्षं ती रोज सकाळी पढते आहे. मी एमए, बीएड, पण माझं अरबी मौलवीसाहेबांबरोबरच संपलं.

मक्केत आल्यापासून चित्र उलटं झालं होतं. दुकानांच्या पाट्या अम्मा वाचायची, अक्षर अक्षर लावत, आणि मी तिच्या मागून. दुसऱ्याच दिवशी हरमच्या, काबाभोवतीच्या मशिदीच्या, गर्दीत आम्ही वाट चुकलो. बाहेर पडायचा रस्ता सापडेना. मी गूगल मॅपशी झटापट करत होतो आणि अम्मा वरच्या हिरव्या पाटीकडे बघून म्हणाली, ‘हे तर मखरज लिहिलंय.’ तिला हा शब्द ओळखीचा होता. कुराण पढताना कुठलं अक्षर तोंडातल्या कुठल्या जागेतून निघतं, घशातून, टाळूतून की ओठांतून, त्या जागेला मखरज म्हणतात. उस्तानीबी छडी घेऊन ओरडायच्या, ‘मखरज से निकालो!’ आता तोच शब्द बाणासकट भिंतीवर. ‘म्हणजे निघायची जागा,’ अम्मा म्हणाली आणि चालायला लागली. दरवाजा तिथंच होता.

पाच-सव्वापाचला माथ्यावर पोचलो. गुहा माथ्यावर नाही, पलीकडे थोडं उतरावं लागतं आणि मग दोन शिळांच्या फटीतून अंग चोरून सरकावं लागतं. त्या फटीपाशी रांग तुंबलेली. फटीकडे बघून अम्मानं ठरवलं, आपण बाहेर बसायचं. मी गेलो. आत म्हणजे काय, तर एकमेकींवर रेललेल्या प्रचंड शिळांमधली पोकळी. साडेतीन मीटर लांब असेल, दीड मीटर रुंद. एका वेळी दोन-तीन माणसं जेमतेम उभी राहतील. पलीकडच्या टोकाला एक भोक आहे, त्यातून वाऱ्याची झुळूक येते. गार, एकसारखी. माझ्या वाट्याला दीड मिनिट आलं असेल, मागून ढकलाढकली चालूच होती. काही दिव्य वगैरे वाटलं नाही. कपाळ दगडाला थडकलं, तेवढं आठवतं.

बाहेर खडकावर रंगानं कुराणातल्या सगळ्यात आधी उतरलेल्या त्या पाच आयती, म्हणजे वचनं, लिहिल्या आहेत. आणि आजूबाजूच्या प्रत्येक दगडावर नावं. उर्दूत, बंगालीत, तुर्कीत, इंग्रजीत. कुणी गावाचं नाव टाकलंय, कुणी बदाम काढलाय. आमच्या गडांवरच्या भिंती आठवल्या. ‘वाच’ हा पहिला शब्द जिथं उतरला तिथं वाचायला एवढा मजकूर!

अम्मा त्या रंगवलेल्या ओळींसमोर बसून बोट फिरवत पढत होती. ‘इक्रा बिस्मि रब्बिकल्लजी खलक.’ वाच, तुझ्या पालनकर्त्याच्या नावानं, ज्यानं निर्माण केलं. माणसाला चिकटून राहिलेल्या गोळ्यापासून निर्माण केलं. वाच, तुझा पालनकर्ता परम उदार आहे. त्यानं लेखणीनं शिकवलं. माणसाला जे ठाऊक नव्हतं ते शिकवलं. मी तिला मराठीत अर्थ सांगितला. साठ वर्षं तोंडात असलेल्या ओळींचा अर्थ तिनं काही पहिल्यांदा ऐकला असं नाही, बयानात, म्हणजे प्रवचनात, कधीतरी कानावर पडलेला असणार. तरी ती गप्प झाली. मग विचारलं, ‘पण वाचायचं काय? हातात कागद तर नव्हता. अंधार होता.’

हा प्रश्न मला एवढ्या वर्षांत पडला नव्हता.

इसवी सन ६१०, रमजानचा महिना, पैगंबर मुहम्मद (त्यांच्यावर शांती असो) चाळीस वर्षांचे. फरिश्ता जिब्रील येतो आणि म्हणतो, वाच. ते म्हणतात, मी वाचणारा नाही. जिब्रील जीव घाबरा होईपर्यंत आवळून धरतो, सोडतो, पुन्हा म्हणतो, वाच. असं तीनदा. मग या पाच आयती. त्यानंतर ते थरथरत घरी येतात आणि बायकोला म्हणतात, मला पांघरूण घाल. ही हकीकत हदीसमध्ये, पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, आहे. सगळ्यात जुन्या चरित्रकारांपैकी एक, इब्न इसहाक, याच्या हकिकतीत मात्र एक जास्तीची गोष्ट येते. जिब्रील येतो तेव्हा त्याच्याजवळ एक रेशमी जरीचं वस्त्र असतं आणि त्यावर काहीतरी लिहिलेलं असतं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या दोनशे पानी वहीची लाज वाटेनाशी झाली.

बहुतेक आलिम, म्हणजे धर्मपंडित, मात्र कागदाच्या भानगडीत पडत नाहीत. ‘इक्रा’ म्हणजे डोळ्यांनी वाचणं तसंच तोंडानं म्हणणंही. ऐक आणि म्हण. शाळेत न गेलेली माणसं हेच करतात. कुराणात आणखी एका ठिकाणी, सूरह नहल या अध्यायात, म्हटलंय की अल्लाहनं तुम्हाला आईच्या पोटातून बाहेर काढलं तेव्हा तुम्हाला काहीएक ठाऊक नव्हतं आणि तुम्हाला कान, डोळे आणि अंतःकरण दिलं. कान पहिले.

त्या शेवटच्या दोन आयतींत ‘अल्लम’ दोनदा येतं, शिकवलं. ऐन-लाम-मीम हे त्याचं मूळ. त्याच मुळातून इल्म, मालूम, उलेमा, आणि तालीम. मूळ अर्थानं तालीम म्हणजे शिक्षण. कोल्हापुरात तालीम म्हटलं की लाल माती, लंगोट आणि मोहरमचा पंजा. बाबूजमाल तालमीच्या दारात जगातल्या कुठल्याही अरबाला उभं करून पाटी वाचून दाखवा, तो आत विद्यार्थी शोधेल. फार चुकणारही नाही म्हणा, डाव शिकवतातच की. ‘कलम’सुद्धा तसंच. तिथं ती बोरूची लेखणी, आमच्याकडे कायद्याचं कलम आणि आंब्याचंही.

पण ज्ञान हिराच्या गुहेत सुरू झालं असं कुराण म्हणत नाही. ते त्याच्या फार आधी जातं, आदमपर्यंत. फरिश्ते विचारतात, जमिनीवर रक्त सांडणाऱ्या माणसाला कशाला नेमतोस? तेव्हा अल्लाह आदमला सगळ्या वस्तूंची नावं शिकवतो आणि मग फरिश्त्यांना म्हणतो, सांगा ही नावं. त्यांना येत नाहीत. तू शिकवलंस त्यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नाही, एवढंच ते म्हणतात. माणसाचा मान इथं कशानं वाढला, तर नावं माहीत असल्यानं. आता ‘सगळी नावं’ म्हणजे नेमकी कुठली? यावर भाष्यकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. फरिश्त्यांची नावं, आदमच्या वंशजांची नावं, वगैरे. मला आवडतं ते पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांचं उत्तर, जुना भाष्यकार तबरी यानं नोंदवलेलं. सगळ्या वस्तूंची, अगदी मोठ्या वाडग्याचं आणि छोट्या वाडग्याचंसुद्धा.

हे मी अम्माला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे परात आणि काटवट.’ मग स्वतःच पुढे सुरू झाली, बोगणं, तसराळं, शिपतर, रोवळी. माझ्या नववीच्या वर्गात रोवळी म्हणजे काय हे एकालाही सांगता येणार नाही.

एवढ्यात फजरची, पहाटेच्या नमाजची, अजान झाली. एका मशिदीतून, मग दुसरीतून, मग सगळ्या मक्केतून, खालच्या दऱ्यांतून एकमेकांत मिसळत. दूर हरमच्या शेजारचा घड्याळाचा मनोरा हिरवा लखलखत होता. चौदाशे वर्षांपूर्वी इथून काबा दिसायचा म्हणतात. आता घड्याळ दिसतं. आम्ही सपाट जागा बघून नमाज पढलो, अम्मा दगडावर बसून.

उतरताना उजाडलं. गुडघ्याला उतरण चढणीपेक्षा वाईट. अम्माला विसरायला लावायचं म्हणून मी तिला आदमच्या दोन मुलांची, हाबील-काबीलची गोष्ट सांगायला गेलो, तर तीच मला सांगायला लागली. काबीलनं भावाला मारलं. आता प्रेताचं करायचं काय, त्याला सुचेना. मेलेलं माणूस जगात तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हा अल्लाहनं कावळा पाठवला. तो जमीन उकरायला लागला. काबील म्हणाला, हाय रे, मला या कावळ्याएवढीही अक्कल नसावी! आदमला नावं खुद्द अल्लाहनं शिकवली आणि त्याच्या पोराला माती द्यायला शिकवलं कावळ्यानं. बाराव्या शतकात अंदलुसियातल्या, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधल्या, इब्न तुफैलनं बेटावर एकट्या वाढलेल्या मुलाची कथा लिहिली. त्याला हरणीनं वाढवलेलं असतं. ती मरते तेव्हा पुरायचं कसं, हे तोही कावळ्यांकडूनच शिकतो. अम्माला इब्न तुफैल ठाऊक नव्हता, पण तिचं म्हणणं, ‘आपल्याकडं दहाव्याला कावळ्याची वाट बघतात ना, त्यांना काहीतरी कळलेलं असणार.’ यावर कुठल्याही आलिमाची आणि कुठल्याही भटजीची मान डोलणार नाही. मी विषय वाढवला नाही.

पायथ्याशी चहा घेतला. अम्मा म्हणाली, पैगंबरांची मक्केवाल्यांशी बद्रची लढाई जिथं झाली ती जागा बघायला दोन वर्षांनी जाऊ. तिथं पकडलेल्या मक्केच्या कैद्यांपैकी ज्यांच्याकडे दंडाला पैसे नव्हते, पण लिहिता यायचं, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवलं की सुटका, असा ठराव झाला होता म्हणतात. शिकवण्या घेणाऱ्या माणसाला हा किस्सा फार जवळचा. अम्मा म्हणाली, ‘आणि पोरं नापास झाली तर?’

हॉटेलवर पोचलो तेव्हा टूरमधल्या बायका नाश्त्याला बसल्या होत्या. आम्ही वर जाऊन आलो हे कळल्यावर सगळ्यांनी अम्माला घेरलं. काय आहे वर, कसं वाटलं, रडू आलं का?

अम्मानं चहात खारी बुडवली.

‘कुछ नै. पत्थर है. हवा अच्छी लगती.’